कुंकळ्ळीच्या बारा छत्र्या आणि वंशसंहाराची आठवण

शिगम्याच्या दिवसांत दक्षिण गोव्यात श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते. तिच्याबरोबर बारा छत्र्या निघतात. कोकणीत त्यांना ‘सत्र्यो’ म्हणतात. रस्ता गुलालाने भरून जातो, आणि ढोलांच्या आवाजात शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. बारा छत्र्या म्हणजे कुंकळ्ळीचे बारा वांगड, गावची बारा मूळ कुळं. या कुळांतली काही घरं आज हिंदू आहेत, काही ख्रिस्ती. उत्सव मात्र बाराही वांगडांचा.

देवीला स्वतःच्या गावी पाहुणीसारखं का यावं लागतं, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पोर्तुगिजांनी साष्टी तालुक्यातली देवळं पाडली तेव्हा तिची मूर्ती फातर्प्याला नेली गेली. १५ जुलै १५८३ रोजी इगर्जीसाठी, म्हणजे चर्चसाठी, जागा बघायला आलेल्या पाच जेझुइट पाद्र्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना कुंकळ्ळीकरांनी ठार मारलं. पुढे पोर्तुगिजांनी ‘बोलणी करू’ असा निरोप देऊन सोळा गावकरांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली. एकटा गावकर नदीत उडी टाकून निसटला. त्या गावकरांचं स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. मारल्या गेलेल्या पाद्र्यांना चर्चने १८९३ साली धन्य घोषित केलं. एकाच गावाला अशा दोन आठवणी चिकटलेल्या आहेत.

मी तीस वर्षं साष्टीत इतिहास शिकवला. हा धडा आला की माझा घसा कोरडा पडायचा, कारण समोरच्या बाकांवर दोन्हीकडची मुलं शेजारी-शेजारी बसलेली असायची. त्यांच्यापुढे काय आणि कसं बोलायचं, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरही सुटला नाही. म्हणून गेली काही वर्षं आम्ही मोजकी माणसं ९ डिसेंबरच्या संध्याकाळी मडगावात जमतो. वंशसंहारात बळी गेलेल्यांच्या स्मरणाचा आणि सन्मानाचा हा आंतरराष्ट्रीय दिवस. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१५ साली ठरवला. आमच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. ‘गोव्यात बसून कुठल्या लांबच्या देशातल्या मेलेल्यांसाठी दिवे कशाला लावता?’ असं आम्हाला पुष्कळदा विचारलं जातं. विचारणारा वाईट हेतूने विचारत नाही, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

सुरुवात शब्दापासून करते. नरसंहार, वंशसंहार, वंशविच्छेद हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. खूप माणसं मारली गेली की तो नरसंहार. वंशसंहारात त्याहून वेगळं काहीतरी असतं: एखादा समाज, तो समाज म्हणून, पृथ्वीवर उरूच नये असा हेतू. मारला जाणारा माणूस कसा होता, त्याने काय केलं होतं, याच्याशी मारणाऱ्याला देणंघेणं नसतं. तो ‘त्यांच्यातला’ होता, एवढं पुरतं.

या गुन्ह्याला नाव दिलं राफेल लेमकिन नावाच्या पोलिश ज्यू वकिलाने. १९२१ साली बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने तलत पाशा या माजी तुर्की मंत्र्याला भर रस्त्यात गोळी घातली. १९१५ नंतर लाखो आर्मेनियन मारले गेले, त्याला जबाबदार असलेल्यांत तलत पाशा प्रमुख होता. तेव्हा विद्यार्थी असलेल्या लेमकिनने आपल्या प्राध्यापकांना विचारलं, की एका माणसाला मारणाऱ्यावर खटला चालतो, मग लाखोंना मारणाऱ्यावर का नाही चालला? प्राध्यापकांनी कोंबड्यांचं उदाहरण दिलं. शेतकऱ्याने स्वतःच्या कोंबड्या मारल्या तर शेजाऱ्याने मध्ये पडायचं कारण नाही. राज्य आणि त्याची प्रजा यांचंही तसंच. लेमकिनला ते उत्तर आयुष्यभर टोचलं. पुढे नाझींनी त्याचे ४९ नातेवाईक मारले. १९४४ साली त्याने ग्रीक ‘जेनोस’ म्हणजे वंश आणि लॅटिनमधला ‘मारणे’ या अर्थाचा भाग जोडून ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला, आणि नंतरची काही वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या दारात उभं राहून प्रत्येक देशाच्या प्रतिनिधीला गाठलं.

यात आपला एक धागा आहे, तो वर्गात सांगितला की मुलं सावरून बसायची. वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे असं म्हणणारा पहिला ठराव ११ डिसेंबर १९४६ रोजी संमत झाला. तो मांडणारे तीन देश होते क्यूबा, पनामा आणि भारत. भारत तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता.

९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहारविरोधी करार संमत झाला. आमची संध्याकाळ त्याच तारखेची. भारताने त्याला १९५९ साली अंतिम मान्यता दिली. करारात चार प्रकारचे समूह येतात: राष्ट्रीय, वांशिक, वर्णाचे आणि धार्मिक. अशा समूहाचा पूर्ण किंवा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली पाच कृत्यं म्हणजे वंशसंहार. ठार मारणं हे त्यातलं एकच. गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणं, जगणंच अशक्य होईल अशी परिस्थिती लादणं, त्या समाजात मुलं जन्माला येऊ न देणं, आणि त्यांची मुलं बळाने दुसऱ्या समाजाच्या हाती देणं, ही उरलेली चार.

पाचवं कृत्य वाचताना गोव्याचा माणूस थबकतो. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाने हुकूम काढला होता, की अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन सेंट पॉल कॉलेजात ठेवावं आणि त्यांचा बाप्तिस्मा करावा. १९४८ चा करार मागे जाऊन लागू होत नाही, हे मला माहीत आहे. पण करार लिहिणाऱ्यांनी ही ओळ का घातली असेल, हे समजायला आपल्याला युरोपात जावं लागत नाही.

करारात खोटही आहे. राजकीय गट आणि आर्थिक वर्ग त्यातून गळाले. सोव्हिएत संघासह अनेक देशांना ते नको होते. त्याचा परिणाम कंबोडियात दिसला. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत सतरा ते वीस लाखांच्या आसपास माणसं मेली. त्यांतली बहुसंख्य ख्मेरच होती, मारणाऱ्यांच्याच वंशाची, भाषेची. २०१८ साली नॉम पेन्हच्या न्यायालयाने वंशसंहाराचा दोष ठेवला तो फक्त चाम मुसलमान आणि व्हिएतनामी या दोन समूहांबाबत. बाकीच्यांच्या मृत्यूंना ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हे नाव मिळालं. शिक्षा दोन्हींत जन्मठेपच. आईच्या दुःखाचं मोजमाप या कलमांनी होत नाही. कायद्याला मात्र कप्पे लागतात. आपल्या देशात तर हे कप्पेच नाहीत. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट म्हटलं, की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्याचा भाग नाहीत, आणि ही उणीव तातडीने भरून काढायला हवी.

आता रवांडा. याबद्दल थोडं सावकाश लिहिते, कारण धर्म आणि वंशसंहार यांचा संबंध समजून घ्यायला इतकं जवळचं आणि इतकं अवघड उदाहरण दुसरं नाही.

गोव्याच्या साधारण सातपट क्षेत्रफळाचा हा डोंगराळ देश. हुतू, तुत्सी आणि थोडे ट्वा असे तीन समाज. तिघांची भाषा एक, किन्यारवांडा. देव एक, बहुतेक सगळे ख्रिस्ती, त्यांत कॅथलिक सर्वांत जास्त. घरं एकाच डोंगरावर, लेकीसुना एकमेकांच्या घरात. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जात लिहिली. जी ओळ आधी थोडीफार सरकत असे, ती कागदावर पक्की झाली. साठ वर्षांनी नाक्यानाक्यावर तीच कार्डं तपासून माणसं बाजूला काढली गेली.

१९९३ साली एक खासगी रेडिओ केंद्र सुरू झालं. गाणी चांगली लावायचं, निवेदक थट्टामस्करी करायचे, तरुण पोरं ऐकायची. मधून मधून तुत्सींना ‘झुरळं’ म्हटलं जायचं. हळूहळू हे मधून मधून वाढत गेलं. ११ जानेवारी १९९४ रोजी तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख रोमियो दालेर यांनी न्यूयॉर्कला तार केली, की शस्त्रांचे साठे आहेत, तुत्सींच्या याद्या तयार होत आहेत, छापा घालू द्या. परवानगी मिळाली नाही. ७ एप्रिलला हुतू अतिरेक्यांनी तुत्सींची कत्तल सुरू केली आणि ती शंभर दिवस चालली. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यानुसार आठ लाखांहून अधिक माणसं मेली. रवांडा सरकार दहा लाखांहून अधिक म्हणतं. कत्तल ऐन भरात असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेने फौज कमी करून सुमारे २७० माणसांवर आणली.

लोक पळाले ते इगर्जीत. आधीच्या दंगलींत इगर्जीच्या भिंतींनी त्यांना वाचवलं होतं. या वेळी भिंती उपयोगी पडल्या नाहीत. न्यामाताच्या इगर्जीत हजारो मारले गेले. त्यांचे कपडे आजही तिथल्या बाकांवर ठेवलेले आहेत. न्यांगे गावात तर पाद्रीनेच इगर्जीवर बुलडोझर घालू दिला, आत माणसं असताना. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला २००८ साली जन्मठेप सुनावली. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रवांडाच्या राष्ट्राध्यक्षांसमोर चर्च आणि त्यातल्या माणसांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली.

पण त्याच चर्चमधली फेलिसिते नियितेगेका ही समर्पित जीवन जगणारी हुतू बाईही होती. गिसेन्यीत तिने आपल्या घरात तुत्सींना लपवलं होतं. तिचा भाऊ लष्करात अधिकारी होता; तू तरी निघ, असा त्याचा निरोप आला. ती निघाली नाही. आसऱ्याला आलेल्यांबरोबर तिलाही मारलं. रवांडातले मुसलमान संख्येने अगदी थोडे, तरी त्यांच्या वस्त्यांत अनेक तुत्सींना आसरा मिळाला. तेव्हा ‘धर्माने मारलं’ हेही पूर्ण खरं नाही आणि ‘धर्माने वाचवलं’ हेही नाही. एकाच इगर्जीत एकाच प्रार्थनेला बसणाऱ्यांपैकी कोण काय करेल, हे त्या प्रार्थनेने ठरवलं नाही.

न्यांगेची आणखी एक गोष्ट आहे आणि मी ती प्रत्येक सभेत सांगते. त्याच गावच्या शाळेत मार्च १९९७ मध्ये रात्री बंडखोर घुसले. हुतू एका बाजूला, तुत्सी दुसऱ्या बाजूला व्हा, असं त्यांनी मुलांना फर्मावलं. मुलं हलली नाहीत. आम्ही सगळे रवांडाचे आहोत, असं त्यांचं उत्तर होतं. गोळ्या झाडल्या, बाँब टाकले. काही मुलं गेली. त्यांनी रेघ ओढू दिली नाही. ही मुलं कोणत्या घरची होती, हे सांगायचं मी मुद्दाम टाळते, कारण त्यांनीही ते सांगितलं नव्हतं.

दर वर्षी ७ एप्रिलपासून रवांडात ‘क्विबुका’ पाळतात. शब्दाचा अर्थ एवढाच, ‘आठवणे’.

आठवणे म्हणजे नेमकं काय करायचं, याची उत्तरं ठिकठिकाणी वेगळी आहेत. जर्मनीत आणि युरोपभर गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ पासून नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी फुटपाथमध्ये पितळेच्या छोट्या फरशा बसवायला सुरुवात केली. दहा सेंटिमीटरची चौकोनी फरशी, त्यावर ‘इथे राहत होता’ किंवा ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्म आणि शेवट. फरशी बसते ती त्या माणसाच्या शेवटच्या, स्वतःच्या मर्जीने राहिलेल्या घरासमोर. अशा एक लाखाहून अधिक फरशा झाल्या आहेत. मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा डोक्यात मावत नाही. आपल्या शेजारच्या दारातून नेलेली एक मुलगी मावते.

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब फौजेने आठ हजारांहून अधिक बोस्नियाक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले, तेही संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ जाहीर केलेल्या भागात. गुन्हा लपवण्यासाठी मारेकऱ्यांनी नंतर यंत्रं लावून खड्डे उकरले आणि प्रेतं दुसरीकडे पुरली. त्यामुळे एका माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडतात. डीएनए तपासून ओळख पटली, की ११ जुलैला पोतोचारीच्या दफनभूमीत दफन होतं. मुलाची दोन हाडं मिळाली तर तेवढीच पुरायची की आणखी मिळेपर्यंत थांबायचं, हे आईला ठरवावं लागतं. आणि आजही काही जण सांगतात, की असं काही झालंच नाही. अभ्यासक ग्रेगरी स्टँटन यांनी वंशसंहाराच्या दहा पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांत शेवटची पायरी ‘नाकारणं’ ही आहे. नाकारणं म्हणजे कृत्य संपलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. आपापल्या मेलेल्यांची आठवण आपण सगळेच ठेवतो, आणि ती ठेवायलाच हवी. अडचण येते ती त्या आठवणीला एकटं सोडल्यावर. एकट्या समाजाने बंद दाराआड जपलेली आठवण हळूहळू हिशेबाची वही होते. ‘त्यांनी आमचे इतके मारले’ या वाक्याच्या पोटात ‘आता आमची पाळी’ हे वाक्य वाढू लागतं. मी हे पुस्तकातून सांगत नाही. आमच्या स्वतःच्या बैठकीत हे घडलं.

दुसऱ्या वर्षी कार्यक्रम ठरवताना आमच्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी आग्रह धरला, की यादी इन्क्विझिशनपासून, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापासून, सुरू करायची. रास्त मागणी होती. गोव्यात १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडता, ते न्यायालय चाललं. आमची एक ख्रिस्ती मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘टीचर, मी दर वर्षी तुमच्याबरोबर बसणार आणि तुम्ही दर वर्षी माझ्याकडे बघत ते वाचणार?’’ खोलीत कोणी काही बोललं नाही. चाचांनी, आमच्यातल्या सर्वांत मोठ्या माणसाने, चहा मागवला.

आम्ही कार्यक्रम ठरवायचं थांबवलं आणि दोन महिने नुसतं वाचलं. वाचलं तेव्हा चित्र बदललं. इन्क्विझिशन गोव्यात आणलं गेलं ते आधी ‘नव्या ख्रिस्त्यां’वर, म्हणजे ज्यूंच्या वंशातल्या बाप्तिस्मा झालेल्यांवर नजर ठेवायला. गार्सिया द ओर्ता हा मोठा वैद्य, ज्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला, त्यांच्यापैकीच. तो १५६८ साली वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला चोरून ज्यू धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जिवंत जाळलं. १५८० साली ओर्ताची हाडं उकरून तीही जाळली. पणजीच्या इगर्जीसमोरची बाग त्याच्याच नावाची आहे. तिथे बसून आपण शेंगदाणे खातो. कातारिनाच्या नावाचं काही नाही.

पुढे या न्यायालयाचा फास हिंदूंवर आला, आणि सर्वांत जास्त आला तो बाटलेल्या गोमंतकीयांवर. १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांना दारात तुळस लावायला, पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी नेसायला, लग्नात ओव्या म्हणायला बंदी केली. आमची मैत्रीण हे वाचून हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. तिच्या आजीच्या घरी रोसाच्या दिवशी, नवरीला नारळाचा रस लावताना, ओव्या म्हणत. फर्मान गेलं, ओव्या राहिल्या. ती आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हती. तिचे पूर्वजच त्या न्यायालयाच्या भीतीखाली जगले होते.

इन्क्विझिशनला वंशसंहार म्हणावं का? माझं मत सांगते: कायद्याच्या अर्थाने मी म्हणणार नाही. त्याचा रोख समाज संपवण्यापेक्षा समाजाला आपल्या साच्यात बळाने घालण्यावर होता. धार्मिक छळ, सक्ती, क्रौर्य हे शब्द त्याला पुरेसे जड आहेत. वंशसंहार हा दुःखाला द्यायचा मोठा किताब नव्हे, की तो मिळाला नाही म्हणून आपलं दुःख लहान ठरावं. फोनवर याबद्दल फिरणारे लाखांचे आकडेही मी वाचत नाही. न्यायालय बंद झाल्यावर त्याची बहुतेक कागदपत्रं नष्ट केली गेली; छातीठोक आकडा देणारा तो कुठून आणतो, हे आधी विचारावं.

त्या वर्षी आम्ही कातारिना द ओर्ताचं नाव वाचलं. वाचलं ते त्या गृहस्थांनी. असोळण्याला मारलेल्या गावकरांची आठवण आमच्या मैत्रिणीने सांगितली. स्रेब्रेनित्साबद्दल एक हिंदू मुलगी बोलली आणि रवांडाच्या इगर्जींबद्दल चाचा. तेव्हापासून आमचा एकच नियम आहे, की ज्याचे त्याने वाचायचे नाहीत. प्रार्थना प्रत्येकाने मनात करायची; एकाचा मंत्र दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा नाही. पणत्याही असतात आणि मेणबत्त्याही. भाषण नसतं. बारा मिनिटं शांतता असते, आणि ती फार लांब वाटते.

सोबत आम्ही वाचवणाऱ्यांचीही आठवण काढतो, नाहीतर मुलं घरी जाताना फक्त अंधार घेऊन जातात. अल्बानिया हा बहुसंख्य मुसलमानांचा देश. तिथे ‘बेसा’ नावाची जुनी रीत आहे: दारात आलेल्याला दिलेला शब्द जीव गेला तरी मोडायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कुटुंबांनी ज्यूंना इतकं लपवलं, की युद्ध संपलं तेव्हा देशात ज्यूंची संख्या आधीपेक्षा जास्त होती. आणि आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याची छावणी. सोव्हिएत राजवटीने घराबाहेर काढून हाकललेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ तिथे राहिले. चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट चढून गेलं की आपल्यापासून किती दूर आहे ते?

एवढं करून पुढचा वंशसंहार थांबतो का? नुसत्या आठवणीने नाही थांबत. थांबवायचा तर तो येताना ओळखावा लागतो, आणि तो पायांचा आवाज न करता येतो असं कधीच झालेलं नाही. आधी ‘आपण’ आणि ‘ते’ अशी वाटणी होते. मग ‘ते’ला खूण चिकटते, नियम वेगळे होतात. मग माणसाला झुरळ, उंदीर, वाळवी म्हटलं जातं. हा टप्पा मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण माणूस मारायला हात थरथरतो, कीड मारायला थरथरत नाही. पुढे टोळ्या बांधल्या जातात, मधली समंजस माणसं दोन्हीकडून गप्प केली जातात, याद्या होतात. पायऱ्या याच क्रमाने येतील असं नाही. दोन-तीन एकदमही चालू असतात. आणि पहिल्या पायरीवर उभा असलेला प्रत्येक समाज शेवटपर्यंत जातो असंही नाही. बहुतेक वेळा जात नाही, कारण मध्ये कोणीतरी आडवं येतं.

वाईट बोलणं आणि हिंसेला चिथावणं यांत फरक कसा करायचा, याची एक कसोटी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या पुढाकाराने २०१२ साली मोरोक्कोतल्या रबातमध्ये ठरली. सहा गोष्टी बघायच्या: परिस्थिती काय आहे, बोलणारा कोण, हेतू काय, शब्द काय, किती जणांपर्यंत पोहोचले, आणि त्यातून इजा होण्याची शक्यता किती. तिंट्यावर, म्हणजे बाजाराच्या चौकात, दारू पिऊन कोणी बरळला आणि ताणलेल्या दिवशी ज्याचं गाव ऐकतं अशा माणसाने माइकवरून तेच म्हटलं, तर शब्द एक असले तरी गोष्ट एक नसते. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दल आहे, आणि त्याखाली तक्रार करता येते.

आडवं येणं म्हणजे काय, ते मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात तिघांनी दाखवलं. २०१३ साली तिथे मुसलमान आणि ख्रिस्ती टोळ्या एकमेकांच्या वस्त्या जाळत होत्या. राजधानी बांगीचे आर्चबिशप न्झापालाइंगा, इमाम कोबिन लायामा आणि इव्हँजेलिकल पाद्री गेरेकोयामे-ग्बांगू हे तिघे एकत्र गावोगाव फिरले. इमामांच्या जिवाला धोका झाला तेव्हा आर्चबिशपांनी त्यांना आपल्या घरी आणलं, आणि ते तिथे कित्येक महिने राहिले. हे सगळं लोकांच्या डोळ्यांसमोर होतं. ‘हे धर्मयुद्ध आहे’ असं सांगणाऱ्यांना त्या एका घराने फार अडचणीत आणलं. पण एक लक्षात घ्या: हे तिघे हिंसा सुरू झाल्यावर पहिल्यांदा भेटले असते तर वेळ गेली असती. ओळख आधीची होती.

राज्यांचीही जबाबदारी आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ साली सर्बियाबद्दल म्हटलं, की स्रेब्रेनित्साचा वंशसंहार रोखण्याचं कर्तव्य त्याने मोडलं. गंभीर धोका आहे हे कळल्या क्षणापासून ते कर्तव्य सुरू होतं. २०१९ साली रोहिंग्यांसाठी म्यानमारविरुद्ध याच न्यायालयात गेला तो गांबिया, आफ्रिकेच्या टोकाचा चिमुकला देश. त्याचे तेव्हाचे न्यायमंत्री पूर्वी रवांडाच्या न्यायाधिकरणात काम केलेले. बांगलादेशातल्या निर्वासित छावणीत रोहिंग्यांच्या कहाण्या ऐकताना त्यांना रवांडा आठवला होता. लांबच्या मेलेल्यांसाठी दिवे कशाला, या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

आमचं काम याहून पुष्कळ लहान आहे. आम्ही एक यादी केली आहे, फोन नंबरांची. जवळपासच्या देवळांच्या समित्या, इगर्जी, मशिदी, दोन क्लब, एक रिक्षा स्टँड. फोनवर काही फिरू लागलं, ‘अमक्या ठिकाणी मूर्ती फोडली’, ‘तमक्या क्रुसाला काळं फासलं’, की पुढे पाठवण्याआधी त्या ठिकाणच्या माणसाला फोन करायचा आणि विचारायचं. आतापर्यंत चार वेळा फोन करावे लागले. तीनदा काहीच घडलं नव्हतं. एकदा खरंच एका कपेलीची, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराची, काच फुटली होती. शेजारच्या देवळाच्या समितीतले दोघे काच बसवणाऱ्याला घेऊन तिथे गेले, आणि फोटो फिरला तो त्याचा.

यादीत आज एकोणीस नंबर आहेत. वाड्यावरच्या तरुण पोरांपैकी अजून एकही नाही, आणि असे मेसेज आधी पोहोचतात ते त्यांच्याकडेच. या शिगम्याला कुंकळ्ळीला जाईन तेव्हा छत्र्यांच्या मागे नाचणाऱ्या मुलांना गाठायचं ठरवलं आहे, दोन्हीकडच्या.